ऑर्थोडॉन्टिक साहाय्यकांच्या अनुभवाची नोंद कोण ठेवणार? महाराष्ट्र राज्य दंत परिषदेला आणि ऑर्थोडॉन्टिस्टना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, महाराष्ट्र राज्य दंत परिषद,
तसेच राज्यात ऑर्थोडॉन्टिक व्यवसाय करणारे सर्व सन्माननीय डॉक्टर.

विषय : ऑर्थोडॉन्टिक साहाय्यकांची कामे, त्या कामांच्या मर्यादा आणि त्यांचा अनुभव यांची लेखी नोंद होण्याबाबत.

महोदय / महोदया,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात मी ऑर्थोडॉन्टिक साहाय्यक म्हणून काम करते. रुग्णांच्या भाषेत सांगायचे तर दातांना क्लिपा आणि तारा बसवणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी असणारी सिस्टर. हे काम शिकायला वर्षे लागतात, पण शिकलेल्याची कुठेही नोंद होत नाही आणि त्यामुळे नोकरी बदलली की साहाय्यक पुन्हा पहिल्या दिवसावर येते, हा एकच मुद्दा मला आपल्यासमोर मांडायचा आहे.

मोठ्या शहरांबाहेर ऑर्थोडॉन्टिक उपचार कसे चालतात हे आपण जाणताच, तरी ते एकदा कागदावर आलेले बरे. तालुक्याच्या गावात ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे या विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर, पूर्ण वेळ क्वचितच बसतात. दवाखाना बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी घेतलेल्या, डॉक्टरांचा असतो आणि ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी, बहुधा रविवारी, आपली बॅग घेऊन व्हिजिटला येतात. सकाळच्या एसटीने आसपासच्या गावांतून मुले आणि त्यांचे आईवडील येऊन बाकड्यांवर बसलेले असतात, आणि मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत तर ही रांग जिन्यापर्यंत जाते. एवढे रुग्ण एका दिवसात तपासून होतात, याचे कारण डॉक्टर येण्याआधीच प्रत्येकाचे कार्ड काढलेले, मागच्या वेळी वरच्या जबड्यात कोणती तार होती आणि आज कोणती लागणार हे लिहिलेले, ट्रे लावलेले आणि पकडी निर्जंतुक करून पाकिटांत ठेवलेल्या असतात. ही तयारी साहाय्यकाने केलेली असते.

या कामात किती गोष्टी शिकाव्या लागतात याची कल्पना ऑर्थोडॉन्टिस्टना असली, तरी परिषदेच्या सर्व सदस्यांना असेलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बॉन्डिंगच्या दिवशी, म्हणजे दातांवर ब्रॅकेट (तार धरून ठेवणाऱ्या छोट्या क्लिपा) चिकटवण्याच्या दिवशी, दात आधी पॉलिश होतात, मग त्यांच्यावर 37 टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल साधारण पंधरा ते तीस सेकंद ठेवून धुतले जाते, आणि वाळवल्यावर दाताचा पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसला की त्यावर प्रायमर (चिकटण्यासाठीचा पातळ थर) आणि ब्रॅकेट बसते. या सगळ्या काळात लाळेचा एक थेंबही त्या पृष्ठभागाला लागला तर ब्रॅकेट आज चिकटल्यासारखे दिसते आणि आठवड्याभरात निघून येते. सक्शन कुठे धरायचे, ओठ-गाल ओढून धरणारा रिट्रॅक्टर लावलेल्या मुलाला किती वेळाने उसंत द्यायची, डॉक्टरांचा हात पुढे येण्याआधी त्या दाताचे ब्रॅकेट होल्डरमध्ये नीट दिशेने कसे पकडून द्यायचे, चिकटद्रव्य घट्ट करणारा क्युअरिंग लाइट किती जवळ धरायचा, हे सगळे साहाय्यकाच्या हातात असते. वरच्या उजव्या आणि डाव्या सुळ्याची ब्रॅकेट पाहणाऱ्याला सारखीच दिसतात, पण ती अदलाबदल झाली तर दात भलतीकडे कलतो आणि ते लक्षात यायला काही महिने जातात.

तारांचेही तसेच आहे. सुरुवातीला 0.014 किंवा 0.016 इंचाची निकेल टायटॅनियमची गोल, लवचीक तार, मग जाड, आणि पुढे 0.019 बाय 0.025 ची स्टीलची चौकोनी तार हा क्रम डॉक्टर ठरवतात. पण कोणाच्या तोंडात काय आहे, कोणाला पॉवर चेन (दात ओढणारी रबराची साखळी) लावलेली आहे, कोणाचे इलॅस्टिक, म्हणजे रबर, किती आकाराचे आणि किती जोराचे आहे याचा हिशेब कार्डावर अचूक ठेवणे आमच्याकडे असते. वाइनगार्ट, बर्ड बीक, डिस्टल एंड कटर, मॅथ्यू, लिगेचर कटर यांतली कोणती पकड कधी मागितली जाईल हे डॉक्टरांच्या हाताच्या हालचालीवरून कळू लागले की मगच साहाय्यक कामाची झाली असे समजतात. लिगेचर कटरने जाड तार कापली की त्याची धार जाते, हे नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगावे लागते. निर्जंतुकीकरण करतानाही, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) 121 अंशांवर पंधरा मिनिटे की 134 अंशांवर तीन मिनिटे एवढे पाठ असून भागत नाही. पकडी आधी घासून, धुऊन, पूर्ण वाळवून आणि सांध्यात तेल देऊन ठेवल्या नाहीत तर महागड्या पकडी गंजतात.

अल्जिनेटच्या पावडरीत पाणी मिसळून दातांची मापे घेताना आमच्या भागात उन्हाळा हा स्वतंत्र विषय असतो. एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी इतके तापलेले असते की मिश्रण ट्रेमध्ये भरेपर्यंतच घट्ट होऊ लागते, म्हणून फ्रीजमधले पाणी वेगळे ठेवावे लागते. माप निघाल्यावर ते तसेच ठेवले तर पाणी सुटून आकसते आणि त्यावर ओतलेले मॉडेल खोटे निघते, म्हणून रांग कितीही असली तरी स्टोन (मॉडेलचे प्लास्टर) लगेच ओतावा लागतो. ज्या दवाखान्यांत इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचे माप संगणकावर घेणारे यंत्र) आला आहे तिथे मापांची कटकट संपली, पण स्कॅनरची टोके निर्जंतुक करणे, गालाची आणि लाळेची अडचण न होऊ देता सलग स्कॅन घेणे, फाइल योग्य रुग्णाच्या नावावर पाठवणे हे नवे काम आले, आणि तेही बहुतेक ठिकाणी आम्हीच शिकलो. उपचाराआधी तीन बाहेरचे आणि पाच आतले असे फोटो काढताना आरसा धुक्याने भरू नये म्हणून तो आधी कोमट पाण्यात बुडवायचा असतो, ही बारीक गोष्टसुद्धा कोणीतरी शिकवावी लागते.

व्हिजिट संपवून डॉक्टर निघून जातात आणि पुढची भेट चार ते सहा आठवड्यांनी असते. मधल्या काळातला प्रत्येक फोन साहाय्यकाला येतो. तार गालात टोचते आहे, ब्रॅकेट सुटून तारेवर फिरते आहे, रबर तुटले, सेपरेटर (दातांमध्ये फट करायला घातलेली रबराची कडी) पडला. यातले मेण लावून थांबता येईल असे कोणते, बीडीएस डॉक्टरांनी आजच पाहायला हवे असे कोणते, आणि ऑर्थोडॉन्टिस्टना फोन करायलाच हवा असे कोणते, हे ती ठरवते. खाण्याच्या सूचना तर पूर्णपणे तिच्याच भाषेत पोहोचतात. छापील पत्रकात पिझ्झा, पॉपकॉर्न आणि चॉकलेटवर बंदी असते. आमच्याकडे ब्रॅकेट तुटतात ते कडक भाकरीने, चिक्कीने, उसाच्या कांड्याने आणि पेरूने. भाकरी सोडा असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, आमटीत पूर्ण भिजवून खा असे सांगितले तर ऐकतात. (हुरड्याच्या दिवसांत तारांखाली अडकलेले दाणे काढत बसणे हा आमचा हंगामी उद्योग आहे.) ब्रश नीट होत नसेल तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात आणि ते उपचार संपल्यावरही राहतात, हे मुलाला समजावण्यापेक्षा त्याच्या आजीला समजावलेले अधिक उपयोगी पडते, हे ज्ञानही अनुभवानेच येते. दीड-दोन वर्षांच्या उपचारात बीडीएस डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी निघून जातात, कधी व्हिजिटचे ऑर्थोडॉन्टिस्टही बदलतात. रुग्णाला पहिल्या दिवसापासून ओळखणारी व्यक्ती पुष्कळदा साहाय्यकच उरते.

इतके सगळे येत असलेल्या मुलीचे लग्न होते आणि ती सांगोल्याहून नगरला किंवा बार्शीहून पुण्याला जाते. तिथल्या दवाखान्यात ती मुलाखतीला जाते तेव्हा तिच्याजवळ दाखवायला काहीही नसते. फार तर लेटरहेडवर दोन ओळी असतात, त्यांत ती प्रामाणिक आणि मेहनती असल्याचे लिहिलेले असते. तिला सेपरेटर ओळखता येतो की सेफॅलोग्रामसाठी (डोक्याच्या बाजूने काढलेला एक्स-रे) रुग्णाला उभे करता येते, बॉन्डिंगला किती वेळा साहाय्य केले, स्कॅन घेता येतो का, यांतले काहीच त्या कागदावर नसते. नवे डॉक्टर साहजिकच तिला फरशी पुसणाऱ्या मावशींच्या जवळपासच्या पगारावर ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. बाळंतपणानंतर दोन-तीन वर्षांनी परतणारीचीही हीच गत होते. या क्षेत्रात येणाऱ्यांत मुलींचे प्रमाण मोठे असल्याने, अनुभव सोबत नेता न येणे ही काही थोड्या जणींची अडचण राहत नाही. ती या व्यवसायाच्या रचनेतलीच अडचण आहे.

आता कायद्याकडे वळते. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने तीन प्रकारच्या व्यक्ती ओळखल्या : दंतवैद्य, दातांची सफाई करणारे व स्वच्छतेचे शिक्षण देणारे डेंटल हायजिनिस्ट, आणि कवळ्या व उपकरणे तयार करणारे डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारी उभ्या असणाऱ्या साहाय्यकाची व्याख्या त्यात नाही. पुढे भारतीय दंत परिषदेने डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट हा अभ्यासक्रम मान्य केला, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलनेही डेंटल असिस्टंट या कामाची पात्रता ठरवली. पण तालुक्याच्या दवाखान्यात आधीच नोकरीत असलेल्या आणि तिच्या पगारावर घर चालणाऱ्या मुलीला नोकरी सोडून कॉलेजात जाणे परवडत नाही, आणि ऑर्थोडॉन्टिक्सचे विशेष काम तर ती दवाखान्यातच शिकते. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात दंतवैद्यांबरोबरच डेंटल ऑक्झिलरींच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या साहाय्यक कर्मचाऱ्यांच्या, नोंदवहीचा विचार आहे. ही संधी आहे, आणि नियम लिहिले जात असतानाच राज्याकडून साहाय्यकांच्या बाजूने काही सुचवले गेले पाहिजे असे मला वाटते.

योगायोग असा की ज्या 1948 साली आपला कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत डेंटल असिस्टंटना प्रमाणपत्र देणारे मंडळ सुरू झाले. ते मंडळ आज ऑर्थोडॉन्टिक असिस्टंटसाठी वेगळी परीक्षा घेते. त्यात ऑर्थोडॉन्टिक साहाय्य आणि संसर्ग नियंत्रण असे दोन भाग असतात आणि दवाखान्यातल्या कामाचा अनुभव परीक्षेला बसण्यासाठी ग्राह्य धरला जातो. ब्रिटनमध्ये डेंटल नर्सला पुढचे सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण घेऊन नोंदणीकृत ऑर्थोडॉन्टिक थेरपिस्ट होता येते, आणि मग ती दंतवैद्याच्या लेखी आराखड्यानुसार ब्रॅकेट लावणे, तारा बदलणे अशी कामे स्वतः करते. तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणा असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे बीडीएस डॉक्टरांनाच पुरेसे काम नाही, अशा वेळी रुग्णाच्या तोंडातली कामे साहाय्यकांकडे देण्याची मागणी गैरलागू ठरेल. मात्र पायरी कुठे आहे आणि त्यावर कसे चढायचे हे त्या देशांतल्या साहाय्यकाला ठाऊक असते, एवढे तरी आपल्याकडे व्हावे.

इथे एक अवघड विषय टाळता येणार नाही. दंतोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्यालाच आहे, हे आम्हाला माहीत आहे. तरीही रांग मोठी असते तेव्हा काही दवाखान्यांत रबराची मॉड्यूल (तार ब्रॅकेटला बांधणाऱ्या कड्या) काढणे, नवी घालणे, तार बाहेर काढून ठेवणे ही कामे साहाय्यकाला सांगितली जातात, आणि नाही म्हणण्याची सोय तिला नसते. काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे कोणीच लिहून ठेवलेले नसते. सर्वांना माहीत असलेली आणि कोणीच न बोललेली ही स्थिती रुग्णासाठी धोक्याची आहे आणि आमच्यासाठी त्याहून अधिक, कारण डॉक्टरांजवळ नोंदणी आहे, विमा आहे, संघटना आहे. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी 1965 पासून ऑर्थोडॉन्टिस्टसाठी काम करते आहे; साहाय्यकांसाठी तसे काही नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की परिषदेने एक यादी प्रसिद्ध करावी : साहाय्यकाने स्वतःच्या जबाबदारीवर करायची कामे, दंतवैद्य शेजारी असतानाच करायची कामे, आणि कोणीही सांगितली तरी करायची नाहीत अशी कामे. नवी नोंदवही उघडणे कायद्याच्या आधाराशिवाय शक्य नाही हे मला समजते, पण मार्गदर्शक सूचना काढायला तसा अडसर नसावा. ती यादी मराठीत असावी आणि प्रत्येक दवाखान्यात नोंदणी प्रमाणपत्राशेजारी लावलेली असावी. तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवून साहाय्यकाला नम्रपणे नकार देता येईल.

दुसरी विनंती कामाच्या वहीची. एमडीएसचे विद्यार्थी लॉगबुक ठेवतात, त्याच धर्तीवर साहाय्यकाची साधी वही असावी, ज्यात तिने साहाय्य केलेली कामे, शिकलेली उपकरणे आणि त्या त्या वेळच्या ऑर्थोडॉन्टिस्टची सही व नोंदणी क्रमांक असेल. वही साहाय्यकाची राहील, दवाखान्याची नाही. नोकरी सुटली तरी वही तिच्यासोबत जाईल. ठरावीक काळ काम केल्याचे वहीवरून दिसले की तिला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक विभाग आहेत, खुर्च्या आहेत, शिक्षक आहेत. वर्षातून एकदा दोन दिवसांची परीक्षा घेणे त्यांना जड जाऊ नये. परीक्षा मराठीत असावी आणि तिच्यात निबंध लिहायला लावू नयेत. समोर वीस पकडी ठेवाव्यात, ऑटोक्लेव्ह लावायला सांगावा, माप ओतून घ्यावे, फोटो काढून घ्यावेत, आणि टोचणाऱ्या तारेचा फोन आला तर काय विचाराल ते तोंडी विचारावे.

यावर ऑर्थोडॉन्टिस्टांचे दोन आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकले आहेत. पहिला असा की प्रमाणपत्र मिळाले की मुलगी चार पैसे जास्त देणाऱ्याकडे जाईल. काही जातीलही. आज त्या प्रमाणपत्राशिवायही जातात, आणि त्यांच्या जागी येणारी मुलगी अगदी कोरी असते. प्रमाणपत्र असेल तर जाणारीच्या जागी शिकलेली येण्याची शक्यता तरी राहते. शिवाय शिकवण्याचा खर्च आज प्रत्येक दवाखाना एकट्याने उचलतो, तो सर्वांत वाटला जाईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कोणी बोगस दवाखाना थाटेल. ही भीती खोटी नाही, कारण ब्रेसेसचे साहित्य आणि अलाइनरसारखी (दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांसारखी) उपकरणे विकत घेणे आज कोणालाही सोपे झाले आहे. पण बोगस दवाखाने काढणाऱ्यांना प्रमाणपत्राची गरज आजवर पडलेली नाही. उलट प्रमाणपत्रावर मर्यादा ठळक छापलेली असेल आणि ती मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होणार असेल, तर साहाय्यकाजवळ गमावण्यासारखे काहीतरी असेल. आज तसे काहीच नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे व कचरा हाताळण्याचे प्रशिक्षण देणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. ऑर्थोडॉन्टिक कामात तारेचे कापलेले बारीक तुकडे सतत उडतात आणि बोटांत घुसतात. ते पांढऱ्या, टोचून छिद्र न पडणाऱ्या डब्यातच जायला हवेत. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा पूर्ण झाल्याची नोंद याच वहीच्या पहिल्या पानावर करावी, म्हणजे वेगळा कागद लागणार नाही. पगाराविषयी मी इथे काही मागत नाही. अनुभव लेखी दिसू लागला की पगाराची बोलणी आम्ही आमची करू.

या कामात पुढे जाण्याच्या वाटा नाहीत असे नाही. मोठ्या शहरांतल्या ऑर्थोडॉन्टिक दवाखान्यांत उपचार समन्वयक ही जागा असते. रुग्णाला योजना, खर्च आणि हप्ते समजावून सांगणारी, भेटींचे वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती. अलाइनर बनवणाऱ्या कंपन्यांना स्कॅन तपासणारी आणि संगणकावर दातांची मांडणी करणारी माणसे लागतात. एकाच डॉक्टरांचे अनेक दवाखाने असतील तर निर्जंतुकीकरणाची आणि साहित्याच्या साठ्याची जबाबदारी एका अनुभवी साहाय्यकाकडे देता येते. नव्या मुलींना शिकवणारी प्रशिक्षक ही जागा तर आज जवळजवळ कुठेच नाही, आणि ती निर्माण व्हायला हवी. तालुक्यातल्या मुलीला या जागांपर्यंत पोहोचता येत नाही ते तिच्यात कमी असते म्हणून नव्हे. तिला काय येते हे सांगणारा कागद नसतो म्हणून.

ऑर्थोडॉन्टिस्टना, सर आणि मॅडम, एक विनंती परिषदेची वाट न पाहताही करता येण्यासारखी आहे. आपल्या साहाय्यकाला देण्याच्या अनुभवाच्या दाखल्यात ती प्रामाणिक आहे या वाक्याच्या जोडीला तिला येणारी कामे एकेक करून लिहा, खाली आपला नोंदणी क्रमांक घाला आणि तो दाखला ती नोकरी सोडताना मागेल तेव्हाच न देता दर वर्षी नववर्षाच्या वा पाडव्याच्या निमित्ताने नव्याने द्या. याला दहा मिनिटे लागतात.

परिषदेने पहिले पाऊल म्हणून ऑर्थोडॉन्टिक विभागांतले शिक्षक, तालुक्यात दवाखाना चालवणारे बीडीएस डॉक्टर, व्हिजिटला जाणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि निदान दोन काम करणाऱ्या साहाय्यक यांची एक छोटी समिती नेमावी, आणि कामांच्या यादीचा मसुदा सूचना व हरकतींसाठी मराठीत प्रसिद्ध करावा. समितीवर साहाय्यक घेतल्या तर बैठका मात्र रविवारी ठेवू नयेत, कारण त्या दिवशी आमच्याकडे व्हिजिट असते.

आपली नम्र,
एक ऑर्थोडॉन्टिक साहाय्यक,
सोलापूर जिल्हा